चोडण बेटावर दोन दिवस



शहरांत राहणाऱ्या माणसाला एक खोड असते. जरा थकवा आला कीं त्याला निसर्गाची आठवण होते, आणि निसर्ग म्हणजे जेथें माणसाचा हात लागलेला नाहीं अशी जागा, असें तो मनाशीं धरून चालतो. मीहि याच समजुतीनें गेल्या माघ महिन्यांत गोव्यांतील चोडण बेटावर दोन दिवस राहावयास गेलों होतों. पांखरें पाहावींत, पाण्याकांठीं स्वस्थ बसावें, आणि कोणाशीं फारसें बोलूं नये, एवढाच माझा बेत होता. पांखरें पाहिलीं. स्वस्थहि बसलों. न बोलण्याचा बेत मात्र पार फसला. आणि तो फसला म्हणूनच आज आपल्यापुढें सांगण्यासारखें कांहीं माझ्यापाशीं आहे.

मांडवी नदी समुद्राला मिळण्यापूर्वीं फांकत जाते, तिला दुसऱ्या नद्या व खाड्या येऊन मिळतात, आणि या पाण्याच्या जाळ्यांत कित्येक लहानमोठीं बेटें अडकून राहिलीं आहेत. तिसवाडी तालुक्यांतील चोडण हें त्यांपैकीं एक मोठें बेट. पोर्तुगीज अमदानींत त्याला ‘फिदाल्गांचें’, म्हणजे सरदारांचें, बेट म्हणत. पणजीहून सतराव्या शतकांत बांधलेल्या लांब सेतूवरून रायबंदरला जावयाचें आणि तेथें फेरीबोटींत चढून मांडवी ओलांडावयाची, हा तेथें जाण्याचा सरळ मार्ग. मयेंकडून गाडीरस्ताहि आहे, पण पणजीच्या बाजूनें येणाऱ्याला तो फार वळशाचा पडतो.

फेरीबोट धक्का सोडून निघाली तेव्हां माझ्या शेजारीं बाजार करून परतणारी एक प्रौढ बाई उभी होती. वारा सुंदर सुटला होता. मीं सहज म्हटलें, “येथें पूल झाला नाहीं तें किती बरें!” तिनें माझ्याकडे, माझ्या गळ्यांतल्या दुर्बिणीकडे आणि पुन्हां माझ्याकडे पाहिलें. “तुम्ही दोन दिवसांचे पाहुणे,” ती शांतपणें म्हणाली, “मध्यरात्रीं घरांत कोणाच्या छातींत कळ आली, म्हणजे ही नदी केवढी रुंद होते तें आम्हांला विचारा.” एवढें बोलून तिनें आपल्या पिशव्या उचलल्या. बोट तोंवर पैलतीराला लागली होती. माझ्या सहलीचा प्रारंभ असा झाला.

धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर पक्ष्यांचें अभयारण्य आहे. बेटाच्या पश्चिम टोंकाला नदीच्या चिखलावर वाढलेलें तिवरांचें दाट बन, क्षेत्रफळ अवघें 178 हेक्टर. 1988 सालीं तें राखून ठेवण्यांत आलें आणि त्याला डॉक्टर सालिम अली यांचें नांव देण्यांत आलें. आपल्या देशांतील पांखरांची ओळख आपल्याला करून देण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें ते सालिम अली 1896 सालीं मुंबईंत जन्मले आणि 1987 सालीं, म्हणजे या नामकरणाच्या आदल्याच वर्षीं, निवर्तले. वाघ-हत्तींच्या विस्तीर्ण अरण्यांची ज्यांना संवय आहे त्यांना हें अभयारण्य एखाद्या परसासारखें वाटेल. पण या परसांत जें चाललेलें असतें तें पाहावयास दोन दिवस पुरत नाहींत.

पहिली नवलाची वस्तु म्हणजे तीं झाडेंच. खाऱ्या पाण्यांत झाड जगत नाहीं हें आपण लहानपणापासून ऐकतों. येथें झाडें दिवसांतून दोन वेळां खाऱ्या पाण्यांत कंबरेइतकीं बुडून उभीं असतात. चिखलांत हवा नाहीं, म्हणून तिवराचीं मुळें खालीं जाण्याऐवजीं वर येतात. ओहोटीच्या वेळीं झाडाभोंवतीं जमिनींतून शेंकडों बोटें वर काढल्यासारखीं तीं दिसतात, आणि त्यांच्यावाटें झाड श्वास घेतें. अंगांत आलेलें मीठ तिवर पानांवाटें बाहेर टाकतें. कोरड्या दिवशीं पानावरून बोट फिरवून जिभेला लावावें म्हणजे खारट लागतें; मीं लावून पाहिलें आहे. कांदळाची तऱ्हा याहून निराळी. त्याचें बीं झाडावर असतांनाच रुजतें आणि शेवग्याच्या शेंगेसारखा लांब हिरवा अंकुर फांदीलाच लोंबत राहतो. पुरता वाढला कीं गळून पडतो. ओहोटी असली तर खालच्या चिखलांत टोंकावर रुततो, भरती असली तर तरंगत दुसऱ्या एखाद्या तीराला जातो आणि तेथें संसार मांडतो. लेंकरूं चालतें झाल्यावरच घराबाहेर सोडणारी ही आई वनस्पतींत विरळाच म्हटली पाहिजे.

ओहोटी जसजशी वाढत जाते तसतसा चिखल जिवंत होतो. प्रथम कांहीं दिसत नाहीं. मग एक भोंक दिसतें, मग त्यांतून एक चिमुकला खेंकडा बाहेर येतो, आणि मग ध्यानांत येतें कीं सबंध तीर अशा खेंकड्यांनीं भरलेला आहे. नराची एक नांगी अंगाच्या मानानें भलतीच मोठी असते. ती तो सारखी वरखालीं हालवीत असतो. माद्यांना बोलावणें आणि दुसऱ्या नरांना दटावणें हीं दोन्ही कामें तो एकाच खुणेनें उरकतो. त्यांच्यामध्यें निवटे उड्या मारीत असतात. निवटा हा मासा खरा, पण अंग ओलें आहे तोंवर पाण्याबाहेर खुशाल राहतो, कल्ल्यांच्या पुढच्या परांवर सरकत चालतो, आणि डोळे डोक्यावर बसविलेले असल्यामुळें सदा आश्चर्यचकित झाल्यासारखा दिसतो.

एवढें खाद्य मांडलेलें असल्यावर पांखरें येणारच. पाण्यालगतच्या फांदीवर पांढऱ्या गळपट्ट्याचा निळा खंड्या बसलेला होता. आपल्या विहिरीवर येणाऱ्या खंड्याचा हा चुलतभाऊ; तो खाड्यांवर आणि तिवरांतच राहतो, आणि त्याला पाहण्यासाठीं लोक दूरदूरच्या प्रांतांतून मुद्दाम चोडणला येतात. वरून ब्राह्मणी घार फिरत होती, पांढरें डोकें आणि विटकरी अंग. तुतवार शेंपूट हालवीत चिखलाच्या कडेनें पळत होता. तो हिमालयांतून किंवा त्याहूनहि पलीकडून हिंवाळ्यापुरता येथें येतो. ढोकरी मात्र कोठेंहि असावी तशीच होती, वाणसौदा विसरलेल्या माणसासारखी मान खांद्यांत घालून उभी.

गांवाचें सांगावयाचें तर तें झाडींत विखुरलेलें आहे. उतरत्या कौलांचीं घरें, देवळें, चर्च, पोफळी-माड, आणि दुपारची इतकी शांतता कीं विहिरीचा रहाट कुरकुरला तरी दोन वाड्यांना ऐकूं जावा. माशेल येथें ज्या देवकीकृष्णाचें देऊळ आहे तें दैवत मूळचें याच बेटावरचें. सोळाव्या शतकांत भक्तांनीं तें मयेंमार्गें माशेलला नेलें. त्या देवळापुढें आषाढांत चिखलकाल्याचा उत्सव होतो आणि मोठीं माणसेंहि पोरांसारखीं चिखलांत लोळतात. चोडणचा तीर पाहून आलेल्याला त्या उत्सवाबद्दल उगीच जवळीक वाटूं लागते.

दुसऱ्या दिवशीं पहांटे एका वृद्ध होडीवाल्याबरोबर मी निघालों. तो मूळचा शेतकरी. होडी हा त्याचा अलीकडचा धंदा. मी त्याला बाबा म्हणत होतों आणि तो मला ‘बाब’ म्हणत होता, तेव्हां मानपानाची फिटंफाट झाली. त्याची भाषा कोंकणी, माझी मराठी. दोघांनींहि आपापली न सोडतां चांगलें भागलें. चिखलांत उमटलेलीं पाणमांजरांचीं ताजीं पावलें त्यानें वल्ह्यानें दाखविलीं आणि शेजारीं पडलेले माशांचे खवलेहि दाखविले. प्रत्यक्ष पाणमांजर कांहीं दिसलें नाहीं. मगरींबद्दल मीं विचारलें, तेव्हां त्या दक्षिणेकडे कुंभारजुव्याच्या खाडींत आहेत असें तो म्हणाला. त्या भागांत दुर्भाटच्या बाजूला लोक चिखलाची मगर थापून तिची पूजा करतात. त्या विधीला ‘मांगेथापणी’ म्हणतात. मगरीनें आपल्याला राखावें आणि आपला बांधहि राखावा, असा त्यांतला भाव. बांध हा शब्द त्या दिवशीं मीं तेव्हां पहिल्यानें ऐकला, आणि त्याचें महत्त्व मला अर्थातच कळलें नाहीं.

एका वळणावरून होडी आंत शिरली आणि समोर एकदम उघडें पाणी लागलें. गुडघाभर खोलीचें, आरशासारखें निश्चल, मधून मधून चिखलाचे उंचवटे. आणि त्यावर पांखरें किती म्हणून सांगूं! बदकांचे थवे, लांब लाल पायांचे शेकाटे, वांकड्या लांब चोचींचे कोरल, पांढरे बगळे. आणि या सर्वांपासून दूर, टकल्या डोक्याचा, काळा झगा घातलेल्या म्हाताऱ्या न्यायाधीशासारखा एक क्षत्रबलाक. सूर्य नुकताच वर आला होता. आम्हीं वल्हीं थांबविलीं. दहा-पंधरा मिनिटें मी एका शब्दानेंहि बोललों नाहीं. पांखरें पाहण्याच्या माझ्या सबंध आयुष्यांत अशी सकाळ मला लाभलेली नव्हती. शेवटीं न राहवून मीं म्हटलें, “बाबा, काय सुंदर तळें आहे हो हें!”

“तळें न्हय,” तो म्हणाला, “शेत आमचें.”

मला वाटलें, माझ्या ऐकण्यांत चूक झाली. त्यानें वल्हें पाण्यांत उभें घातलें आणि तळाला ठोकून दाखविलें. तेथें खालीं बांधाची जुनी मेर होती. तिच्या अलीकडचें शेत त्याचें, पलीकडचें भावाचें. चार पावसाळे झाले, तेथें भात पिकलेलें नाहीं. “बांद मोडलो जाल्यार सगळें गेलें,” तो म्हणाला. बांध मोडला कीं सारें जातें. त्याच्या बोलण्यांत रडगाणें नव्हतें. ही मात्र गोष्ट खरी कीं मीं दुर्बीण खालीं ठेवली आणि कांहीं वेळ ती पुन्हां उचलण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

परततांना आणि त्यानंतर सबंध दुपारभर त्याच्या पडवींत बसून मीं जें ऐकलें, तें थोडक्यांत असें.

गोव्याच्या खाड्यांकांठीं ज्या सखल जमिनी आहेत त्यांना खाजन म्हणतात. भरतीच्या वेळीं नदीचें पाणी जेथवर चढतें त्याहून या जमिनी खालीं आहेत. म्हणजे न्यायानें त्या नदीच्याच. माणसानें त्या तिच्याकडून मागून घेतल्या आहेत. नदीच्या बाजूला चिखल, पेंढा, बांबू आणि जांभा दगड यांचा लांबच लांब बांध घातलेला असतो आणि बांधांत ठराविक ठिकाणीं एक लांकडी दरवाजा असतो. त्याला तिकडे ‘मानस’ म्हणतात. या मानसाची युक्ति ऐकण्यासारखी आहे. त्याचीं दारें अशीं बसविलेलीं असतात कीं भरती चढूं लागली म्हणजे नदीच्या पाण्याचा रेटा त्यांवर बाहेरून बसतो आणि तीं आपोआप मिटतात. ओहोटी लागली म्हणजे आंतल्या पाण्याचा रेटा वरचढ होतो आणि तीं आपोआप उघडतात. पावसाचें सांचलेलें पाणी बाहेर जातें, खारें पाणी आंत येत नाहीं. द्वारपाल नको, यंत्र नको. चंद्रानें समुद्र हालवावा आणि समुद्रानें दार लावावें, अशी व्यवस्था. तरीहि जमिनींत थोडा खारेपणा राहतोच, म्हणून तेथें पावसाळ्यांत ‘कोरगूट’ नांवाचें, खारें सोसणारें, उंच वाढणारें, तांबूस दाण्याचें भात लावतात. कापणी झाली कीं मानस उघडून बेतानें खारें पाणी आंत घेतात आणि त्याबरोबर मासे व कोळंबी येतात. ओहोटीच्या रात्रीं दिवा लावून मानसाच्या तोंडाशीं जाळें धरावयाचें. आंत वाढलेली मासळी आपण होऊन त्यांत येते. एकाच जमिनींत एक पीक भाताचें आणि दुसरें माशांचें.

आणि या दोन पिकांमागून तिसरें येतें तें पांखरांचें. कापलेल्या शेतांतला पडलेला दाणा, उथळ पाणी, उघडा चिखल, हीं सर्व त्या बदकांना, कोरलांना आणि शेकाट्यांना हवीं असतात, आणि खाजन तीं दर वर्षीं नेमानें पुरवितें. ज्याला मी माणसाचा हात न लागलेला निसर्ग समजून पाहावयास आलों होतों, त्यांतल्या अर्ध्याअधिक भागाला माणसाचा हात शतकानुशतकें लागत आला होता, आणि तोहि चिखलानें माखलेला.

हा हात एकट्यादुकट्याचा नव्हता. बांध एक, त्याच्यामागें शेतें पुष्कळांचीं. एका ठिकाणीं भोंक पडलें तर सर्वांचें भात जाणार. त्यामुळें बांधाची राखण गांवकीकडे असे, तिकडच्या भाषेंत गांवकारीकडे. पोर्तुगीजांनीं या गांवकाऱ्यांचे रीतिरिवाज 1526 सालीं लेखनिविष्ट केले, तेव्हांहि त्या जुन्याच होत्या. पुढें त्यांना कोमुनिदाद असें पोर्तुगीज नांव पडलें. मानसाच्या मासेमारीचा लिलाव होई, त्याचा पैसा गांवकीच्या पेटींत जाई, आणि बांधाच्या डागडुजीला गांवकी जबाबदार असे. गोवा मुक्त झाल्यानंतर 1964 सालीं कुळकायदा आला. कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला, हें न्यायाचेंच झालें. माझा होडीवाला स्वतः कुळाचा मुलगा, तेव्हां त्याच्यापुढें गांवकारीचे गोडवे गाण्याची सोय नव्हती. परंतु बांध राखण्याचें काम त्याबरोबर कुळांच्या संघांकडे आलें, आणि तें कोठें निभावलें, कोठें निभावलें नाहीं. मुलें पणजीला नोकऱ्यांना गेलीं. बोटीवर, परदेशीं गेलीं. भातापेक्षां कोळंबीला भाव अधिक. तेव्हां मानस ज्यानें लिलावांत घेतलें त्याला खारें पाणी बाहेर ठेवण्यापेक्षां आंत ठेवण्यांतच फायदा दिसूं लागला. खाजनभूमींत ठिकठिकाणीं हें असेंच घडत आलें आहे. एका खेंकड्याच्या बिळानें सुरुवात होते. तें वेळीं कोणीं बुजविलें नाहीं तर दुसऱ्या उधाणाला तेथें हात जातो, तिसऱ्याला माणूस.

“मग तें पाणी बाहेर काढून पुन्हां बांध घालतां येणार नाहीं का?” मीं विचारलें.

येईल, तो म्हणाला, पण लौकर. बांध घातल्यावर जमिनींतलें मीठ धुऊन निघावयास दोन-तीन पावसाळे तरी जातात. आणि एक दुसरी गोष्ट आहे. उघड्या चिखलांत कांदळाचे ते शेंगेसारखे अंकुर तरंगत येऊन रुजूं लागले आहेत. त्यांचीं झाडें झालीं कीं तें बन झालें. बनाला कायद्याचें संरक्षण आहे, आणि मग शेत परत मागतां येत नाहीं. आदल्या दिवशीं ज्या अंकुरांचें मीं एवढें कौतुक केलें होतें तेच हे.

मीं त्याला विचारलें, कीं बन वाढलें तर पांखरांना बरेंच नाहीं का? तो हंसला. बांधाच्या बाहेर तिवरें हवींत, तीं लाटांचा मार अंगावर घेतात आणि बांध वांचवितात, असें त्यानें सांगितलें. पण आंत तीं दाटलीं कीं सकाळीं पाहिलेला तो मेळा तेथें उतरणार नाहीं. बदकाला उघडें पाणी हवें, कोरलाला उघडा चिखल हवा. खंड्याचें साधेल, बाकीच्यांचें नाहीं. म्हणजे ज्या दृश्यानें मला वेड लावलें तें शेत बुडाल्यानंतरच्या आणि बन होण्यापूर्वींच्या मधल्या चार वर्षांचें दृश्य होतें. विचार केल्यावर हें मला पटलें, आणि बेचैनहि करून गेलें.

आपल्यापैकीं कोणी जाणार असतील त्यांच्यासाठीं दोन गोष्टी सांगून ठेवतों. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस चांगले. निघण्यापूर्वीं भरती-ओहोटीच्या वेळा विचारून घ्याव्या. होडी खाडींत आंतवर न्यावयाची तर भरती पाहिजे, चिखलावरचीं पांखरें पाहावयाचीं तर ओहोटी. वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढें सरकते. होडी गांवच्याच माणसाची घ्यावी आणि त्याच्याशीं बोलावें. कोरगुटाचा तांदूळ कोणाच्या घरीं विकत मिळाला तर शेर-दोन शेर घरीं आणावा. पेज फार चवदार होते. फेरीबोटींत पुलाविषयीं मत देऊं नये.

संध्याकाळीं निघण्यापूर्वीं म्हाताऱ्यानें मला बेटाच्या दुसऱ्या बाजूचें, अजून धड असलेलें एक खाजन दाखविलें. बांधावरून चालतांना एका हाताला नदी होती आणि दुसऱ्या हाताला, तिच्याहून खालीं, कापलेलीं शेतें. हें डोळ्यांना विचित्र वाटतें. आपण नदीच्या कांठावरून चालत नसून तिच्या खांद्यावरून चाललों आहों असा भास होतो. मानसापाशीं आम्ही बसलों. चौकटीवर एक खंड्या बसला होता, तो आमच्याकडे दुर्लक्ष करून पाण्यांत पाहत होता. ओहोटीचें पाणी आंतून बाहेर वाहत होतें, तें हळूहळू मंदावलें, क्षणभर अगदीं थांबलें, आणि मग चौकटीशीं अडकलेली एक काडी उलट दिशेला फिरली.

म्हातारा उठला. बांधाच्या उतारावर वाकून त्यानें एका ठिकाणीं बोट घातलें, मग मनगट घातलें. खेंकड्याचें बीळ होतें. त्याचें स्वतःचें शेत या बांधामागें नव्हतें. त्यानें मला विजेरी धरावयास सांगितली, खालचा चिखल दोन्ही हातांनीं उचलला, त्यांत पेंढ्याची मूठ कालविली आणि बीळ ठांसून भरलें. तेवढ्यांत मागें लांकडावर लांकूड आपटल्याचा मंद आवाज आला. मानसाचीं दारें मिटलीं होतीं. शेवटच्या फेऱ्यांपैकीं एक गांठावयाची होती, म्हणून मी उठलों, आणि तो म्हणाला, “बाब, आणखी एक दिसतें तिकडे, उजेड जरा इकडे धर.”